फितीवरचा पक्षी

चौदा एप्रिलला पिंपळगाव राजात मिरवणूक निघते तेव्हा समता सैनिक दलाची रांग पुढे असते आणि त्या रांगेत डावीकडून पहिले भाऊराव हिवाळे असतात. पांढरा सदरा, खाकी पँट, निळी टोपी. सदऱ्याला कांजी अशी की बसताना कागद मोडल्यासारखा आवाज यावा. एस.टी.त उभं आयुष्य स्टिअरिंग धरलेला माणूस. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खांदे किंचित पुढे झुकलेले, रस्ता कधीही वळेल अशा बेतानं. रांगेतल्या सगळ्यांचा गणवेश एकच. भाऊरावांच्या छातीवर मात्र डाव्या खिशाच्या वर एक पट्टी असते, आणि ती दुसऱ्या कोणाकडे नाही.

पट्टी म्हणजे बोटाएवढा पातळ पत्रा, मागे टाचणी, आणि पत्र्यावर शेजारी शेजारी गुंडाळलेल्या चार फिती. सगळ्यांत आधी निळी. मग पिवळी, लाल काठांची. मग एक काळी, पांढऱ्या काठांची. शेवटी काळ्या-पांढऱ्या-तांबड्या रेघांची. भाऊरावांचे वडील उकंडाबाबा ही पट्टी दुसऱ्या महायुद्धातून घेऊन आले. उकंडाबाबा लढले नव्हते. इटलीत हिंदी फौजेचा दवाखाना होता, तिथं ते स्ट्रेचर उचलत, जखमी माणसांचं हगणं-मुतणं काढत. घरी परतले ते एक कांबळ, एक तामचिनी मग आणि ही पट्टी घेऊन. कोणी विचारलं की एवढंच म्हणत, "देली एकानं." त्यापुढे काही नाही. बोलणारा माणूसच नव्हता तो. मेले तेव्हाही कोणाला हाक न मारता मेले. सकाळी चहा ठेवल्यावर कळलं.

पण बाप गप्प राहिला म्हणून घर गप्प राहत नाही. हा 'एक' कोण ते घरानं ठरवून टाकलं. एक म्हणजे गोरा साहेब. साहेबाचा जीव उकंडानं वाचवला. साहेब खूश झाला आणि स्वतःच्या हातानं पट्टी छातीला लावली. ही गोष्ट कोणी पहिल्यांदा सांगितली ते कोणालाच आठवत नाही, पण भाऊराव तिच्यासकट मोठे झाले, आणि जयंतीच्या मंचावरून त्यांनी स्वतः माइकवर सांगितलं होतं की माझ्या वडिलांना इंग्रज सरकारनं शौर्याबद्दल गौरवलं. टाळ्या पडल्या होत्या.

यंदाच्या जयंतीला त्यांच्या मुलीनं, मयुरीनं, फोटो काढला. मयुरी बुलढाण्याला एका दवाखान्यात परिचारिका आहे. फोटो चांगला आला. तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

चार दिवसांनी भाऊराव बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर गेले तर अर्जुनरावांनी त्यांना हात केला. अर्जुनराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात माजी सैनिकांचं काही असलं की त्यांचा शब्द शेवटचा.

"या भाऊराव, बसा. फोटो पाह्यला तुमचा. लई ऐटीत हाय."

"जयंती म्हटल्यावर थोडी ऐट पाह्यजेच."

"ते हायच. पन छातीवर काय लावून राह्यले तुम्ही?"

"बाबाची पट्टी. दरसाल लावतो."

"ते आपली नाही."

"मंग कोनाची?"

"जर्मनची." अर्जुनरावांनी फोन काढला, दोन बोटांनी फोटो ताणला. भाऊरावांची छाती पडदाभर झाली. "हे काळं-पांढरं पाहा. जर्मन लोकायचा क्रॉस असते त्याची फीत हाय हे. आमच्या पलटनीत काचेच्या कपाटात होती अशीच. दुश्मनाचं सामान म्हनून ठेवेल."

"म्हंजे भाऊरावचा बाप हिटलरकून होता म्हना!" टपरीवाला म्हणाला आणि सगळे हसले. भाऊरावही हसले. तिथवर हसण्यासारखंच होतं.

"तसं नाई बे," अर्जुनराव म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ते समजावून सांगत होते. "लढाईत असं चालते. शिपाई लोकं मेलेल्या दुश्मनाच्या अंगावरून निशानी म्हनून काढून घेत. सारेच घेत. त्यात काई नाई."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "जुनी सवय."

दोनच शब्द. एक जण फसकन हसला आणि मग कोणी हसलं नाही. टपरीवाल्यानं उगीच फडक्यानं फळी पुसली. भाऊरावांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चेहरा कळला असता, आणि मग त्या चेहऱ्याशी रोज गाठ पडली असती. त्यांनी चहा संपवला, ग्लास खाली ठेवला आणि घरी आले.

मेलेलं ढोर ओढून न्यायचं आणि मढ्यावरचं कापड घ्यायचं, हे गावानं त्यांच्या वाडवडिलांच्या गळ्यात बांधलं होतं आणि वर त्यालाच त्यांची जात म्हटलं होतं. फौजेतून आल्यावर उकंडाबाबांनी पहिलं काम केलं ते हे बंद करण्याचं. एकदा चुलतभावानं मढ्यावरची शाल घरी आणली. चांगली लोकरी शाल. उकंडाबाबांनी ती त्याच्या अंगावरून काढली, एक शब्द न बोलता स्मशानात नेली आणि जिथली तिथं टाकून आले. भाऊराव तेव्हा लहान होते, बापाच्या मागे पळत गेले होते. त्यांना बापाबद्दल जे काही ठाम माहीत होतं ते एवढंच. बाकी सगळं ऐकीव.

आणि आता हाच माणूस परमुलखात कुठल्या मढ्यापाशी वाकून छातीवरची टाचणी सोडवताना दिसू लागला. एकदा दिसला तो जाईना. जेवताना दिसे, दाढी करताना दिसे. शेवटी भाऊरावांनी पट्टी सदऱ्यावरून काढून टिनाच्या डबीत ठेवली. बायको सत्यभामाबाई म्हणाल्या, "लोकं बोलतात न इसरतात. तुम्ही काऊन एवढं धरून बसले?"

"मले मालक पाह्यजे," भाऊराव म्हणाले. "त्या पट्टीचा मालक. तो तवा जिता होता का मेला होता, एवढंच पाह्यजे."

मयुरीनं इंटरनेटवर शोध लावला. जुनी पदकं, फिती जमवणाऱ्यांचे जगभरचे गट असतात. तिनं फोटो टाकला आणि उत्तरं यायला लागली. एक म्हणाला, मागची बाजू दाखवा. दाखवली. एक म्हणाला, शेजारी मोजपट्टी ठेवून उन्हात फोटो काढा. काढला. एक नुसतंच विचारत राहिला, विकणार का, विकणार का. मग एकानं लिहिलं की ही पट्टी बनावट आहे. जर्मन माणूस फिती अशा क्रमानं कधीच लावणार नाही आणि यातली एक तर उलटी गुंडाळली आहे. कोणा हौशी माणसानं इकडचं तिकडचं जोडून बनवलेली वस्तू आहे.

"बनावट?" भाऊराव खाटेवरून उठले. "सांग त्याले, माझ्या मायनं हातानं शिवली हाय म्हना!"

"बाबा, तेच तर तो म्हणून राह्यला."

हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. जयंतीच्या आधी दरवर्षी त्यांची आई तानुबाई पट्टीचे टाके उसवायची, फिती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, गरम तांब्या फिरवून इस्त्री करायची आणि पुन्हा पत्र्याला गुंडाळून शिवायची. निळी सगळ्यांत पुढे, कारण निळा आपला. बाकीच्या डोळ्याला बऱ्या दिसतील तशा. तानुबाईंच्या मागे सत्यभामाबाईंनी तेच केलं. इतक्या वर्षांच्या मायेनं त्या पट्टीचा मूळ क्रम असा पुसला होता की आता तो जगात कोणालाच माहीत नव्हता.

त्या गटातच एक हार्टविग नावाचे गृहस्थ होते. जर्मनीतले निवृत्त शाळामास्तर. अशा पट्ट्यांचे मूळ मालक हुडकून काढायचे, हाच त्यांचा छंद. ते जर्मनमध्ये लिहीत, मयुरी फोनमधून त्याचं मराठी करी, आणि ते मराठी असं निघे: 'आदरणीय महोदय, आपली आई फीत धुते हे वाचून मी फार हललो.' भाऊराव त्यांना हार्टविग गुरुजी म्हणू लागले. गुरुजी शांतपणे विचारत, शांतपणे समजावत. त्यांचं उत्तर यायला चार-पाच दिवस लागत आणि ते चार-पाच दिवस भाऊराव घरात कोणाशी धड बोलत नसत.

क्रम गेला तर जाऊ द्या, गुरुजींनी लिहिलं. काळी-पांढरी फीत लाखो लोकांना मिळाली, तिच्यावरून काही कळत नाही. पण पिवळी-लाल फीत जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानाची आहे, ती पहिल्या महायुद्धात थोड्यांनाच मिळाली. त्या थोड्यांतून पुढे पुन्हा सैन्यात बरीच वर्षं नोकरी केलेले, म्हणजे निळी फीत मिळालेले, आणखी थोडे. त्यातून इटलीत कोण कोण होते ते त्यांनी छापील याद्यांवरून पाहिलं. शेवटी दोन माणसं उरली.

एक पायदळातला कप्तान. इटलीच्या डोंगरात गोळी लागून जागीच मेला.

दुसरा हवाई दलातला कारकुनी अधिकारी. जखमी झाला, पकडला गेला, कैद्यांच्या दवाखान्यात पडून होता, लढाई संपल्यावर घरी गेला आणि म्हातारा होऊन मेला.

मयुरीनं हे वाचलं तेव्हा भाऊरावांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. दवाखाना. दवाखान्यात बाबा. सगळं जागेवर बसत होतं. पण पहिला माणूसही जागेवर बसत होता, कारण मेलेली माणसंही स्ट्रेचरवरूनच आणतात.

'निळ्या फितीला दोन बारीक भोकं दिसतात,' गुरुजींनी पुढं लिहिलं होतं. 'तिथं धातूचा छोटा पक्षी असणार. पायदळाचा पक्षी पंख दोन्हीकडे सरळ पसरून बसलेला असतो. हवाई दलाचा उडत असतो, पंख तिरपे. तो पक्षी कसा होता तेवढं सांगा, मी मालकाचं नाव सांगतो. दोन्हींची चित्रं पाठवतो. मात्र ज्या कोणाला दाखवाल त्याला कोणत्या पक्ष्याचा काय अर्थ ते आधी सांगू नका. माणसं आपल्याला हवं ते आठवून देतात.'

त्यांनी घर धुंडाळलं. पेट्या, डबे, जात्याखालची जागा, शिवणाचं बोचकं. सत्यभामाबाई म्हणाल्या, "मी या घरात आली तवापासून पक्षी नाईच पाह्यला. भोकं तेवढी पाह्यली. मले वाटे कसर लागली." म्हणजे पक्षी त्यांच्याही आधी गेला होता. त्या आधीचं माणूस आता एकच उरलं होतं: भाऊरावांची थोरली बहीण बेबीताई, सोनाळ्याला दिलेली. तिला फोनवर ऐकू येत नाही.

भाऊराव खामगावला गेले, तिथून शेगाव, तिथून संग्रामपूरची गाडी धरली. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायची त्यांची सवय, आणि पोरगा गिअर बदलताना गाडीला झटका देत होता, पण त्या दिवशी ते त्याला काही बोलले नाहीत. पिशवीत दोन पक्ष्यांच्या छापील चित्रांचा कागद होता. सातपुड्याची रांग जवळ येईपर्यंत तो त्यांनी दोनदा काढून पाहिला.

बेबीताई अंगणात खाटेवर कुरड्या घालत होती. हात चिकानं भरलेले. भावाला पाहून घाबरली.

"भाऊ! अचानक काऊन आला रे? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं बाई. जयभीम. कुरड्या घाल तू तुह्या."

"मंग पोरीचं जमलं काय?"

"नाई. बाबाच्या पट्टीचं इचारायले आलो."

ती हसायला लागली. "एवढ्या उन्हात? त्या चिंधीसाठी?"

भाऊरावांनी राग गिळला. पाणी प्याले. मग सावकाश विचारलं की पट्टीवर कधी काही पक्षी-बिक्षी होता का.

"हाव, होता ना," बेबीताई लगेच म्हणाली. जसं काही कालच पाहिला. "मायनं काढून फेकला तो."

आणि तिनं सांगितलं. दीक्षेच्या वेळी ती आठेक वर्षांची होती. आईबाप नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत परत आले. दुसऱ्या दिवशी तानुबाईंनी देव्हारा मोकळा केला. खंडोबाचा टाक, मरीमायचा दगड, पितळी नंदी, जे होतं ते टोपल्यात घातलं. मग घरभर हिंडून पाहिलं, अजून काही राहिलं का. तेव्हा तिला पट्टी आठवली.

"त्या पक्ष्याच्या पायात स्वस्तिक होतं ना," बेबीताई म्हणाली. "बारीक. मायची नजर लई तेज. म्हने, हे बी देवाचंच हाय. साहेबानं देल्लं असन, पन आता घरात नको. सुईनं उचकटून काढला न टाकला टोपल्यात. टोपलं माह्याच डोक्यावर होतं. नदीत सोडलं सारं."

भाऊरावांनी पिशवीतल्या कागदावर हात ठेवला. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता ते मोठ्यानं म्हणाले, "अवं बाई, ते देवाचं नव्हतं वं!"

"मंग कोनाचं?"

"हिटलरचं."

"तो कोन?"

"जाऊ दे. होता एक. लई माणसं मारली त्यानं."

"मंग त बरंच केलं मायनं," बेबीताई म्हणाली आणि पुढची कुरडई घातली.

बरंच केलं होतं. कोणत्याही बाजूनं पाहिलं तरी आईचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी नदीच्या गाळात कुठंतरी, नंदीच्या आणि टाकाच्या शेजारी, त्यांच्या बापाची इभ्रत नखाएवढी होऊन पडली होती. कोणावर चिडावं तेही कळेना.

त्यांनी कागद उलगडला. "बाई, नीट पाय. या दोनातला कोनता?"

बेबीताईनं हात पदराला पुसले, कागद लांब धरला, जवळ धरला. "हा."

पंख सरळ पसरलेला.

"नक्की?"

"का मंग हा?" तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. "दोनी सारखेच त दिसतात."

"सारखे नाई. याचे पंख असे. याचे असे." भाऊरावांनी हात पसरून दाखवले, मग तिरपे केले. शेजारची बाई कुंपणावरून पाहत होती.

"असे होते," बेबीताईनं हात पसरले. थोडे तिरपे. मग सरळ केले. "नाई, असे. अरे, मी टोपलं पायलं का पक्षी पायला? मले टोपल्याचं वझं आठवते. नंदी लई जड होता."

"बाई, आठव ना जरा!"

"आठवून राह्यली ना! काऊन अंगावर येतो? एवढं काय अडलं तुहं त्या चिमनीवाचून?"

आणि इथं भाऊरावांचा तोल गेला. गुरुजींनी बजावलेलं त्यांना आठवत होतं. बोलता बोलताही आठवत होतं. "अडलं म्हंजे? गावात लोकं म्हनून राह्यले का बाबानं मढ्यावरची काढली! पसरेल पंखाचा असन त मालक तिथंच मेला होता. उडता असन त मालक जिता होता, दवाखान्यात होता, त्यानं हातानं देली! त्या चिमनीवर सारं हाय, बाई!"

बेबीताईचा हात साच्यावर थांबला. तिनं कुंपणाकडे पाहिलं, तशी शेजारीण आत गेली. मग तिनं कागद पुन्हा उचलला, पण पाहिला नाही.

"उडता होता," ती म्हणाली.

"आत्ता त तू..."

"उडता होता, भाऊ. आता मले साफ दिसून राह्यला. टोपल्यात तिरपा पडेल होता. बुद्धाची शपथ घेऊ?"

"नको," भाऊराव घाईनं म्हणाले. "शपथ नको घेऊ."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खोटेपणाचं होतं की आठवल्याचं, ते त्यांना कळेना, आणि आता ते कधीही कळणार नव्हतं. कारण कळण्याची जी एकच वाट होती ती त्यांनीच आपल्या तोंडानं बुजवली होती. बेबीताईनं त्यांना जेवायला वाढलं. चित्रं पाठवणारा जर्मन कोण ते विचारून घेतलं. बाबांच्या आठवणी काढल्या, त्या सगळ्या चांगल्या होत्या. निघताना म्हणाली, "त्या जर्मनले सांग, माह्या बहिनीनं डोयानं पाह्यलं म्हना."

परतीच्या वाटेवर ते 'उडता' हा एकच शब्द मनात घोळवत होते. शेगावपर्यंत तो खरा वाटत होता. खामगावला गाडी बदलताना पुन्हा डळमळला. गावात उतरले तेव्हा ठरवून टाकलं होतं: बहिणीनं सांगितलं ते सांगायचं. आपण काही पदरचं घालत नाही.

मयुरी सुट्टीवर घरी आली होती. "काय म्हणाली आत्या?"

"उडता."

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. तिनं फोन घेतला, भराभर लिहायला लागली. भाऊराव तिच्या बोटांकडे पाहत होते.

"थांब."

"काय झालं?"

"खोड ते." मग त्यांनी तिला अंगणातलं सगळं सांगितलं.

"पण बाबा, आत्या खोटं कशाला बोलेल?"

"खोटं नाई बोलली ते. तिनं मले उडता देला." ते चिडून म्हणाले. "आधी इचारलं तवा बसेल होता. मी सांगतल्यावर उडाला तो. हे लिही. असंच्या असं लिही."

"असं लिहिलं तर ते नाव नाही देणार."

"मालूम हाय मले."

"मग आजोबांचं काय? लोकं काय म्हणतील? एवढे दिवस तुम्ही झोपले नाही धड. एक शब्द आहे, बाबा. अर्धा तर खरा असेलच."

"मयुरे, लिही म्हनतो ना!" एवढ्या जोरात ते पोरीवर कधी ओरडले नव्हते. सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मयुरीनं ओठ घट्ट मिटून लिहिलं: बहिणीला आधी नक्की सांगता आलं नाही, अर्थ मी सांगितला, त्यानंतर तिनं उडता म्हटलं, चूक माझी, तरी तिची साक्ष धरू नये.

"पाठवलं?" भाऊरावांनी थोड्या वेळानं विचारलं.

"पाठवलं."

"मांगं घेता येते काय?"

"नाही," मयुरी म्हणाली, आणि तिनं फोन उपडा ठेवला.

ते बाहेर जाऊन मोरीपाशी उभे राहिले. स्वतःचाच एवढा राग त्यांना गाडी कधी घाटात बंद पडली तरी आला नव्हता.

गुरुजींचं उत्तर आलं तेव्हा सोयाबीन फुलावर आलं होतं. 'आदरणीय महोदय, अशा स्थितीत मी एका नावावर बोट ठेवू शकत नाही. दोन्ही नावं देत आहे. दुसऱ्या गृहस्थांची नात मला सापडली. ती म्हणते, आजोबा लढाईबद्दल घरात कधी एक अक्षर बोलले नाहीत. आपल्या प्रामाणिकपणाला मी सलाम करतो.'

"सलाम घेऊन काय करू?" भाऊराव म्हणाले.

पण दोन्ही नावं त्यांनी मयुरीकडून म्हणवून घेतली, पुन्हा पुन्हा, जीभ वळेपर्यंत. आणि एका सकाळी सदरा घालून टपरीवर गेले. एप्रिलपासून ते त्या बाकावर टेकले नव्हते. अर्जुनराव होते, बाकावर चार-पाच जण होते, कोणाच्या बैलाच्या पायाचं बोलणं चाललं होतं. भाऊरावांना जागा करून दिली. चहा आला. बैलाचं संपेना. शेवटी भाऊरावच म्हणाले, "अर्जुनराव, त्या पट्टीचं पुढं कळलं."

"कोनती पट्टी?"

त्यांना वाटलं थट्टा आहे. नव्हती. अर्जुनराव खरंच आठवत होते, भुवया आक्रसून, आणि आठवत नव्हतं. भाऊरावांनी बाकावरून नजर फिरवली. एकाही चेहऱ्यावर काही नव्हतं. ज्यानं ते दोन शब्द उच्चारले होते तोही यांच्यात असेल, आणि त्याच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. ज्यांच्यासाठी त्यांनी जर्मनीपर्यंत विचारणा केली होती त्यांनी तो विषय चहाच्या पेल्याबरोबरच खाली ठेवला होता. आता गप्प बसलं असतं तर सगळं आपोआप मिटलं असतं. उलट तेच शहाणपणाचं होतं.

"जर्मनची. माह्या बापाची," भाऊराव एवढ्या मोठ्यानं म्हणाले की भजी तळणाऱ्यानं झारा थांबवला. "तुम्ही म्हनलं होतं मेलेल्याची हाय. म्या पत्ता काढला. तिचे दोन मालक निघाले. दोनातला एक. पहिला पायदळात होता, कप्तान. तो डोंगरात गोळी लागून मेला." त्यांनी त्याचं नाव सांगितलं, चुकू न देता. मेलेल्याचं आधी सांगायचं हे त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. जित्याचं आधी सांगितलं असतं तर लपवल्यासारखं झालं असतं.

"बरं," अर्जुनराव म्हणाले. त्यांना आता आठवलं होतं. "म्हंजे तेच झालं ना, मी म्हनलं ते."

"थांबा. दुसरा..."

खामगावची गाडी धुरळा उडवत येऊन टपरीसमोर उभी राहिली. बाकावरचे सगळे एकदम उठले, पिशव्या सापडेनात, कोणाचा धक्का लागून ग्लास आडवा झाला. अर्जुनराव भाऊरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मेलेल्याची असली तरी काय बिघडलं भाऊराव, जुनी गोष्ट हाय," आणि गाडीत चढले. त्यांच्या मागून बाकीचेही चढले.

भाऊरावांना खामगावला काही काम नव्हतं. खिशात फोनसुद्धा नव्हता. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, तेव्हा त्यांनी दाराचा दांडा धरला आणि वर पाय टाकला.